कासारणीचा तळहात

घोटीच्या बाजारात विमलाबाई कासारणीपुढे हात केला की बाईला आधी एकच वाक्य ऐकायला मिळायचं, "हात सैल सोड." मग ती बाई पुढाऱ्याची बायको असो, नाहीतर भाताच्या लावणीवरून चिखलाच्या पायांनी थेट आलेली मजूर बाई असो. हात सैल सुटला की विमलाबाई तो आपल्या दोन्ही हातांत घ्यायच्या, अंगठ्याच्या बुडाचं मांस हलकेच आत दाबायच्या, बोटांचे सांधे जवळ आणायच्या आणि इकडचं तिकडचं विचारता विचारता हिरवी बांगडी मनगटावर जाऊन बसायची. दुखलं म्हणायच्या आत दुसरी. काही बाया घाबरून मूठ आवळायच्या. त्यांच्यावर विमलाबाई डोळे वटारायच्या. "माझ्या हातात दिलाय ना? मग आता तुझा नाय तो. घरी जाताना परत घेऊन जा."

बांगड्या काय, आता कुठल्याही दुकानात मिळतात. प्लास्टिकच्या डब्यात, मापाचा आकडा छापलेल्या. पण भरून घेण्याची गोष्ट निराळी. कुणी आपला हात हातात घेऊन बसलं की माणूस बोलायला लागतं. नवऱ्याला सांगत नाहीत, आईला सांगता येत नाही, ते बाया विमलाबाईंना सांगून जायच्या. एका मनगटाला सासूची कागाळी, दुसऱ्याला माहेरची आठवण. विमलाबाई ऐकायच्या आणि शेवटी एक बांगडी वरून जास्तीची घालायच्या. या कानाचं त्या कानाला कधी केलं नाही, म्हणून तर आसपासच्या गावांतल्या तीन पिढ्यांच्या बाया त्यांच्या चटईवर येऊन बसायच्या.

अशा या विमलाबाईंच्या मात्र स्वतःच्या हाताची एक गोष्ट होती आणि ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

त्यांच्या झंपराच्या बाह्या कोपराखालपर्यंत लांब असायच्या. उन्हाळ्यातही. लोकांना वाटायचं, बाई जुन्या वळणाची आहे. खरं कारण कोपरांवर होतं. तिथे लाल चट्टे उठायचे आणि त्यांच्यावर चंदेरी कोंडा धरायचा. झटकला की गळायचा, परत धरायचा. ते एक वेळ झाकता आलं. पुढे तो उपद्रव तळहातांवर उतरला, तेव्हा विमलाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आधी तळव्याचा मधला भाग लाल व्हायचा, चुरचुरायचा. मग नागलीच्या दाण्याएवढ्या पिवळसर पुटकुळ्या यायच्या. वर फुगलेल्या नाहीत, कातडीच्या आत रुतून बसलेल्या. काही दिवसांनी त्या सुकायच्या, तपकिरी ठिपके व्हायचे, पापुद्रे सुटायचे आणि खालची कातडी चिरायची. जरा बरं वाटतंय म्हणावं तर नवी तुकडी हजर. तळपायांनाही तेच.

हे असं का होतं, याचं उत्तर विमलाबाईंनी आपल्यापुरतं शोधून ठेवलं होतं. काचेची कुसळं जातात, साबणाचं पाणी बाधतं, जन्मभर काच हाताळल्यावर दुसरं काय होणार! त्या खोबरेल चोपडायच्या आणि तळवा खाली वळवून काम उरकायच्या. बायांची नजर असते आपल्या मनगटावर, कासारणीच्या तळव्यावर नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी भीती जात नव्हती. एकीला जरी दिसलं, एकीने जरी "ही काय खरूज?" म्हटलं, तरी पुढच्या बाजाराला चटईवर कोण बसणार होतं? कासारणीकडे हातांशिवाय असतं काय?

एका औषधवाल्याने त्यांना बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. गोळ्यांनी जादू केली. हात असे निवळले की विमलाबाईंनी त्या औषधवाल्याला मनातल्या मनात धन्वंतरीच करून टाकलं. गोळी थांबवली की हात पुन्हा उठायचे, म्हणून गोळी रोजची झाली. हळूहळू त्यांचा चेहरा गोल गरगरीत झाला. बाया म्हणायच्या, "सून चांगलं खाऊपिऊ घालते वाटतं!" विमलाबाई हसून घ्यायच्या. गोळ्यांची पट्टी बांगड्यांच्या पेटीत, लाल बांगड्यांच्या माळेखाली असायची.

सुनेचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकावा. पूजा नाशिकरोडची. लग्नानंतर घोटीच्याच बाजारपेठेतल्या एका मोबाइलच्या दुकानात कामाला जायची. मुलगी कामसू, बोलायला स्पष्ट, पण हातात बांगडी म्हणून नाही. एका मनगटाला घड्याळ आणि दुसरं मोकळं. कासाराच्या घरात सुनेचे हात असे ओकेबोके, हे विमलाबाईंच्या जिवाला लागलेलं होतं. दर सणाला त्या सुरुवात करायच्या.

"लोक हसत्यात गं मला. शंभर जणींचे हात भरते आन् घरातलीचे ओके."

"आई, दिवसभर संगणकावर बोटं चालवायची असतात. बांगड्या वाजतात."

"वाजू दे की. बांगडी वाजंल नायतर काय गाईल?"

पूजा हसायची आणि पायात चपला अडकवून निघून जायची. विमलाबाई मागून पुटपुटत राहायच्या. पण खरं सांगायचं तर सुनेने हात पुढे केला नाही हे त्यांच्या पथ्यावरच पडत होतं. घरच्या उजेडात, समोरासमोर बसून तिचा हात धरला असता, तर त्या चलाख पोरीला तळवे दिसल्यावाचून राहिले नसते.

त्या वर्षी आळीतल्या साळूबाईच्या लेकीचं, हर्षालीचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त. साळूबाईचा स्वतःचा चुडा विमलाबाईंच्या सासूने भरला होता. लेकीचा विमलाबाईच भरणार, हे बोलायचीही गरज नव्हती. लग्नघरचा चुडा म्हणजे सगळ्या घरादाराच्या डोळ्यांदेखत, हळदीच्या पाटासमोर, दोन्ही हात उजेडात. आणि नेमके तेव्हाच गोळ्याही पुऱ्या पडेनाशा झाल्या. तळव्यांवर पुटकुळ्या पुन्हा डोकावू लागल्या.

तेव्हा विमलाबाईंनी कासारांच्या कुलदेवीला, कालिकेला, साकडं घातलं. घटस्थापनेच्या सकाळी त्यांनी देवघरासमोर हात जोडले. "आई, लग्नाच्या आत माझे हात निर्मळ कर. तुझ्या नवरात्रात उपासाशिवाय काही खानार नाय. औषधाची गोळीसुदिक तोंडात घालनार नाय." आणि पेटीतली पट्टी त्यांनी तशीच पेटीत राहू दिली.

पाचव्या माळेच्या सुमारास त्यांना थंडी वाजून ताप भरला. दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजत होते. दुपारपर्यंत अंग लालबुंद झालं. छाती, पोट, मांड्या, जणू कुणी गरम पाणी ओतलं होतं. लुगड्याचा काठ लागला तरी भाजल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी त्या लाल कातडीवर बारीक पांढऱ्या पुटकुळ्या दिसायला लागल्या. आधी काखेत, मांडीच्या सांध्यात, मग सगळीकडे.

शेजारच्या अक्काबाई बघायला आल्या. आळीतलं कुणाचंही दुखणं त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पक्कं होत नसे. त्यांनी पदर सारून पाहिलं आणि कपाळाला हात लावून मागे सरल्या.

"अगं, ही तर देवी आली! नवरात्रात घरी चालत आली. भाग्याची हायेस, विमल."

मग काय, घराचं रूपच पालटलं. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. अंथरुणाखाली पाला पसरला. देवी घरात असताना तेल कढवायचं नाही, म्हणून फोडणी बंद झाली. औषधाचं तर नावही काढायचं नाही, देवीचा अपमान होतो. विमलाबाईंचे यजमान देवराम मुळात गरीब माणूस. ते आता बायकोच्या खोलीत यायच्या आधी पाय धुऊ लागले. पूजाने एकदा विचारलं, "दवाखान्यात दाखवून तर येऊ?" तर अक्काबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की विमलाबाईंच्या मुलाने, महेशनेच, बायकोला डोळ्यांनी गप्प केलं.

आळीतल्या बाया ओट्या घेऊन आल्या. खण, नारळ, तांदूळ. अंथरुणाच्या पायथ्याशी हळदीकुंकू वाहून वाकून नमस्कार करून गेल्या. साळूबाईही आली. तिने डोळे मिटून हात जोडले.

"बाई, आता माझ्या हर्षालीचा चुडा तुझ्याच हातचा. देवी ज्या अंगात उतरली, ते हात माझ्या लेकीला लागू दे."

तापाच्या गुंगीतही विमलाबाईंना ते ऐकू आलं आणि बरं वाटलं. का वाटू नये? जे हात इतकी वर्षं पदराआड लपवले, त्या हातांना लोक नमस्कार करत होते. देवीने नवस ऐकला होता, फक्त आपल्या पद्धतीने. यातून उठलं की पंचक्रोशीतल्या बाया देवीच्या हातची बांगडी म्हणून रांग लावतील, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. आजारात माणूस काय काय मनात आणतं, त्याचा राग कुणी धरू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाग आली तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. तांब्याभर पाणी पिऊनही तहान भागेना. छातीत धडधडत होतं. उठून बसायला गेल्या तर हातापायांत त्राण नव्हतं. पुटकुळ्या एकमेकींत मिसळून पोटावर पांढरट तळी झाली होती. काही ठिकाणी कातडीचा पापुद्रा ओल्या कागदासारखा सुटून आला होता आणि खाली पुन्हा नव्या पुटकुळ्या दिसत होत्या. कण्हत कण्हत त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला. खिडकीतून ऊन येत होतं. मनगटाजवळची एक पुटकुळी सुकून तपकिरी झाली होती, तिच्याभोवती पापुद्रा सुटत होता.

विमलाबाई त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. त्यांनी हळूच तळवा उलटा केला. तोच ठिपका. तोच रंग, तोच आकार, तसाच पापुद्रा. एक मनगटावर, एक तळव्यात.

अंधारात भांडं हाती लागलं तरी ते आपल्या घरातलं की शेजारणीचं, हे बाईला बरोबर कळतं. या पुटकुळ्या विमलाबाईंनी इतकी वर्षं रोज सकाळी पाहिल्या होत्या. त्या नवख्या नव्हत्या. देवी येते म्हणजे कांजिण्या येतात, आणि त्यांना आपल्या महेशच्या कांजिण्या आठवल्या. त्या पाण्याने भरलेल्या होत्या, टपोऱ्या, आणि खाज इतकी की पोराचे हात बांधून ठेवावे लागले होते. आता खाज नव्हती, आग होती. आणि त्यांच्या स्वतःच्या कपाळावर, केसांच्या कडेला, लहानपणच्या कांजिण्यांचा खळगा होताच की. म्हणजे त्या एकदा येऊन गेल्या होत्या. मग ही कोण? ही देवी नव्हती. तळहातावर लपवलेलं तेच दुखणं गोळी थांबल्याबरोबर सगळ्या अंगावर पसरलं होतं.

बाहेर ओसरीवर ओटी घेऊन आलेल्या बायांची कुजबुज ऐकू येत होती. विमलाबाईंना रडू आलं. गप्प राहिलं तर लोक नमस्कार करत राहणार होते आणि आपण बहुधा दसरा बघणार नव्हतो. बोललं तर जीव कदाचित वाचेल, पण मग तळवे उघडे पडणार होते आणि ज्या कामावर जगलो ते काम जाणार होतं. हे दोन्ही त्यांना स्वच्छ दिसत होतं आणि दोन्हीची सारखीच भीती वाटत होती.

पूजा कडुलिंबाचं कोमट पाणी घेऊन आत आली.

"पूजा," विमलाबाई म्हणाल्या, "दार लोटून घे."

पूजाने दार लावलं आणि जवळ येऊन बसली. विमलाबाईंनी दोन्ही हात पुढे केले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर तळवे उघडले. चिरलेले, पापुद्रे सुटलेले, पिवळ्या आणि तपकिरी ठिपक्यांनी भरलेले. पूजाने कडुलिंबाचं पाणी बाजूला सारलं.

"हे कधीपासून आहे, आई?"

"म्हेशच्या लग्नाच्या आदीपासून."

"म्हणजे मला बघायला आलात तेव्हासुद्धा?"

"तवा मी हात पदरात धरून च्या पेले."

अशा वेळीही पूजाला हसू आलं, पण लगेच तिचे डोळे भरले. विमलाबाईंनी मग सगळं सांगून टाकलं. कोपरं, गोळ्या, नवस. पूजाने पेटी उघडून लाल बांगड्यांखालची पट्टी काढली.

"ह्या रोज घेत होतात आणि एकदम बंद केल्या? आणि हे कळल्यावर देवी म्हणून गप्प पडून राहिलात?"

"आत्ताच कळलं गं. आन् त्याच्या आदी..." विमलाबाईंनी पायथ्याच्या ओट्यांकडे पाहिलं. "लोक पाया पडत व्हते. बरं वाटत व्हतं."

पूजा रागाने उठली ती थेट ओसरीवर गेली आणि आईंना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय म्हणाली. देवराम घाबरून आत आले. देवीला दारातून उठवून न्यायचं म्हणजे कोप होईल, आजवर घराण्यात असं झालं नाही, असं काही काही ते बोलू लागले. एरवी विमलाबाईंनी नवऱ्याचा शब्द चारचौघांत कधी खाली पडू दिला नव्हता. आता मात्र त्यांच्यात वाद घालायचं बळच नव्हतं.

"अहो, देवीची ओटी भरा आन् मला गाडीत घाला. कालिकेला काय सांगायचं ते माझं मी सांगंन."

महेशने शेजाऱ्यांची गाडी मागून आणली. अक्काबाई दारात उभ्या राहून नाराजीने बघत होत्या. तरी गाडी हलताना त्यांनीच खिडकीतून उशी आत सारली. नाशिकच्या वाटेवरचं वाडीवऱ्हे मागे पडेपर्यंत विमलाबाई प्रत्येक खड्ड्याला "आई गं" म्हणत होत्या. पुढे त्या बोलेनाशा झाल्या आणि पूजा त्यांना हाका मारत राहिली.

नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात सलाईन लावायचं होतं, पण मनगटं सुजून बांगड्या रुतल्या होत्या. परिचारिका म्हणाली, "फोडाव्या लागतील." विमलाबाईंनी डोळे उघडले. सौभाग्यवतीच्या हातातली काच फोडायची नसते, अखंड उतरवायची असते, आणि तेही कासारणीच्या? त्यांनी ट्रेमधल्या मलमाकडे बोट केलं. पूजाने मलम लावलं आणि विमलाबाई सांगत गेल्या तशी एकेक बांगडी उतरवत गेली. काच कातडीवरून सरकताना विमलाबाई ओठ चावत होत्या. एकही बांगडी तडकली नाही. मग परिचारिकेने सुई हातात घेतली आणि म्हणाली, "मावशी, हात सैल सोडा बरं." विमलाबाईंना ते इतकं विचित्र वाटलं की त्यांनी मुकाट्याने ऐकलं.

त्वचारोगाच्या डॉक्टर सरिता नावाच्या होत्या. त्यांनी आधी कोपरं पाहिली, मग तळवे, मग पोट. गोळ्यांची पट्टी हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केली. हे असं बघून त्यांनी जे सांगितलं ते साध्या शब्दांत असं होतं. कोपरावरचे कोंड्याचे चट्टे म्हणजे सोरायसिस. तळहातावरच्या पूने भरलेल्या पुटकुळ्या हे त्याच्याच जातीचं दुखणं. पांढऱ्या गोळ्या स्टिरॉइडच्या होत्या. त्यांनी ते दाबून धरलं होतं, आणि गोळ्या एकाएकी सोडल्यावर ते उसळून अंगभर आलं. अंग लाल होऊन दुखणं, थंडीताप, पुटकुळ्यांची तळी होणं, छातीत धडधड, गळून जाणं, हे एकत्र दिसलं की घरी थांबायचं नसतं. अंगातलं पाणी कमी होतं, रक्तात जंतू शिरू शकतात, जिवावर बेततं.

"अजून उशीर झाला असता तर कठीण होतं," डॉक्टर म्हणाल्या. "कुणी ओळखलं?"

"त्यांनीच," पूजा म्हणाली.

विमलाबाईंच्या मनात दुसराच प्रश्न होता. तो विचारायला त्यांना दोन दिवस लागले. ताप उतरला, बोलायला बळ आलं, तेव्हा डॉक्टर तपासायला आल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे करून विचारलं,

"बाई, मी कासारीन हाय. इतकी वर्सं बायांचे हात हातात घेतले. पोरी, गरवारशी, बाळंतिनी. माझ्यामुळं कुनाला हे लागलं आसंल का?"

"एकीलाही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात पू दिसतो, पण जंतू नसतात. हे आपल्याच शरीराचं आतलं बिघडलेलं तंत्र आहे. हात धरून, कपड्यांतून, ताटातून कशानेच लागत नाही."

विमलाबाई ढसाढसा रडल्या. पूजाला वाटलं दुखतंय. दुखत नव्हतं. इतक्या वर्षांत बाजारातून घरी आल्यावर त्या कुणाकुणाचे हात आठवत बसायच्या, आणि एखादीच्या अंगावर पुरळ आल्याचं कळलं की त्यांचा घास अडकायचा, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सुनेला सांगितलं. डॉक्टरांनी हेही सांगितलं की दुखणं कायमचं जाईलच असं नाही. औषध चालू ठेवायचं, मनाने सोडायचं नाही, पुन्हा तशी लक्षणं दिसली तर लगेच यायचं.

घरी आल्यावर देवरामांनी हळूच सुचवलं, "लोकांना काय सांगायचं? देवी येऊन गेली, आसंच राहू दे. कुनाचं काय बिघडतंय?"

विमलाबाईंनाही मोह झालाच. दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराला त्यांनी चटई टाकली, पेटी उघडली, माळा मांडल्या. घटकाभरात साळूबाई हर्षालीला घेऊन आली आणि आल्या आल्या आधी विमलाबाईंच्या पायाशी वाकली. तो नमस्कार काही विमलाबाईंना घेववला नाही. त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि जे होतं ते सगळं सांगितलं. देवी नव्हती, सोरायसिस होता. लागत नाही. तळवेही दाखवले.

साळूबाई वाईट बाई नव्हती. "वाचलीस हेच लय झालं," ती म्हणाली आणि ते तिने मनापासूनच म्हटलं. पण बोलता बोलता तिचा हात पदराखाली गेला. "चुड्याच्या बांगड्या तुझ्याकडूनच घेऊ. भरायचं मात्र... पोरीच्या सासरची मानसं कशी हायती, तुला ठाऊकच हाय." हर्षाली आईकडे बघत उभी राहिली. बांगड्या निवडायला परत येतो म्हणून दोघी निघून गेल्या.

बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो! अर्ध्या बाजाराला समजलं होतं. बाया येत होत्या, चौकशी करत होत्या, बांगड्याही घेत होत्या. फक्त म्हणत होत्या, "कागदात बांधून दे. घरी घालीन." तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर विमलाबाईंनी उत्तर दिलं असतं. त्या एकेक डझन कागदात बांधून देत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची चटई दुपारपर्यंत रिकामी राहिली. त्यांनी माळा आवरायला घेतल्या.

तेवढ्यात कुणीतरी समोर चटईवर मांडी घालून बसलं. विमलाबाईंनी वर पाहिलं. पूजा होती. दुकानाच्या जेवणाच्या सुट्टीत आली होती. तिने मनगटावरचं घड्याळ सोडून पर्समध्ये टाकलं.

"आई, बांगड्या भरायच्यात."

"आत्ता? घरी भरते की, संध्याकाळी."

"घरी नको. इथेच." पूजाने आवाज मुद्दाम चढवला नाही, पण खालीही आणला नाही. भाजीवालीपासून भांडीवालीपर्यंत सगळ्यांना नीट ऐकू जाईल असा तो होता. "माझ्या सासूबाईंना सोरायसिस आहे. एका घरात राहतो, एका ताटात जेवतो, मला काही झालं नाही. दोन्ही हातांना भरा. हिरव्या."

"तुझ्या त्या संगणकावर वाजतील ना?"

"वाजू दे."

आजूबाजूच्या बाया थांबल्या. बांगड्या घ्यायला परत आलेली साळूबाई कडेला उभी होती, आणि हर्षाली आईला मागे ठेवून चटईच्या काठापर्यंत पुढे आली होती. विमलाबाईंनी माप विचारलं नाही. सुनेच्या मनगटाचं माप त्यांनी लग्नाच्या दिवशीच डोळ्यांनी घेऊन ठेवलं होतं. माळेतून बांगड्या सोडवल्या. मग त्यांनी आपला डावा तळवा, चिरा आणि ठिपक्यांसकट, भर उन्हात उताणा धरला, आणि पूजाने त्यावर आपला हात ठेवला.

"हात सैल..." सवयीने विमलाबाईंच्या तोंडून निघालं आणि तिथेच थांबलं. पूजाचा हात आधीच सैल होता.